अजिंठ्यातील हेरिंगहॅमबाई

परक्या देशाचे एखादे चित्र मनाला रुचले नाही की आपण चटकन म्हणतो, "यात एवढे काय आहे?" हाच प्रश्न एके काळी आपल्या कलेविषयीही विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर एका इंग्रज स्त्रीने स्वतःच्या हातांनी दिले.

सर जॉर्ज बर्डवुड हे १८३२ साली बेळगावी जन्मलेले. मुंबईत त्यांनी अनेक वर्षे काढली, आपल्या विणकरांची नि तांबटांची तोंड भरून स्तुतीही केली. पण जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत जावा बेटावरील बुद्धमूर्तीला त्यांनी चक्क उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली! हिंदुस्थानात कारागिरी आहे, ललित कला नाही, असे त्यांचे मत होते.

त्याच हिवाळ्यात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या प्रतिकृती करीत होत्या. वय सत्तावन्न. यापूर्वीच्या प्रतिकृतींचे दैव मोठे खडतर. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली आणि ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांच्या कित्येक प्रतिकृती १८८५ साली लंडनमधील आगीत भस्मसात झाल्या. इकडे भिंतींवरील मूळ चित्रेही झिजत चाललेली. म्हणून बाईंनी दोन हिवाळे या कामाला वाहिले. बंगालचे नंदलाल बोस व असितकुमार हालदार, हैदराबादचे सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन हे तरुण त्यांचे सहकारी होते.

बाईंना ही दृष्टी कोठून आली? त्या मूळच्या जुन्या इटालियन चित्रकलेच्या अभ्यासक. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराचा सुमारे १४०० सालचा ग्रंथ त्यांनी १८९९ मध्ये इंग्रजीत आणला आणि त्यात सांगितल्याप्रमाणे अंड्याच्या बलकात रंग कालवून स्वतः चित्रे काढून पाहिली. अंगकांतीच्या रंगाखाली हिरव्या मातीचा हात द्यावा, असे चेन्निनी सांगतो. अजिंठ्याच्या भिंतीवर बाईंना काय दिसले? पांढऱ्या गिलाव्यावर लाल रेषा, तिच्यावर हिरव्या मातीचा पातळ हात, मग निरनिराळे रंग आणि शेवटी गडद रेषांची उठावणी. दोन देश, मध्ये जवळजवळ हजार वर्षांचे अंतर. तरी हाताची रीत ओळखीची!

बर्डवुडसाहेबांनी युरोपची फूटपट्टी लावली; बाईंनी कुंचला हाती धरला. दोघांच्या निवाड्यांतला फरक येथेच आहे.

१९११ मध्ये बाईंच्या मनाचा तोल ढळला. १९१५ साली अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीने काढला, तेव्हा त्या रुग्णालयात होत्या. १९२९ साली निवर्तल्या. ज्या भिंतींसाठी त्या झिजल्या त्या आपल्या घराजवळच्या आहेत. सहलीला जाऊ तेव्हा डबा उघडण्याची घाई न करता एका चित्रापुढे क्षणभर थांबू या, लाल रेषा कोठे दिसते ते शोधू या. आणि उद्या परक्या देशाचे चित्र समोर आले, तर त्यालाही तेवढाच वेळ देऊ या.