अंतराळासाठी घोटलेलं जेवण

आतड्याचा क्रोन्स हा आजार झालेल्या मुलाला युरोपात आज पहिला उपाय म्हणून बहुतेकदा गोळी नव्हे, पेय देतात. सहा ते आठ आठवडे तिन्ही त्रिकाळ तेच. भाकरी नाही, भात नाही, वाढदिवसाचा केकही नाही. पिववलं नाही तर नाकातून पोटात बारीक नळी. या पथ्याचं मूळ शोधत मागे गेलं की आपण कॅलिफोर्नियातल्या एका तुरुंगात पोचतो.

१९६०च्या दशकात अमेरिका माणसाला अंतराळात पाठवत होती. यानात काय जेवायचं यापेक्षा जेवल्यानंतरच्या विधीचं काय, हा प्रश्न जास्त अवघड होता. त्यावर उपाय म्हणून संशोधक मिल्टन विनिट्झ आणि सहकाऱ्यांनी अख्खी प्रथिनं, धान्यं, चोथा सगळं वगळलं आणि अमिनो आम्लं, ग्लुकोज, क्षार, जीवनसत्त्वं थेट पाण्यात विरघळवली. पचवायला काही नाही, म्हणून मागे उरायलाही फारसं काही नाही. व्हॅकाव्हिलच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना हे मिश्रण कित्येक आठवडे दिलं गेलं आणि १९६५मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. (कैद्याची स्वखुशी कितपत स्वखुशी असते, हे तेव्हा फारसं कुणी विचारत नसे.) यानांतून पुढे खरंखुरं अन्नच गेलं. मिश्रण मात्र शल्यचिकित्सकांनी उचललं.

त्यांना हवा होता तो खंगलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी बळ देणारा आहार. मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी १९७३मध्ये आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना तो दिला तेव्हा वजन वाढलंच, शिवाय काहींचा आजारही निवला. पोषण म्हणून दिलेली गोष्ट औषधासारखी वागली होती. १९८४मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ओमोरेन आणि सहकाऱ्यांनी २१ रुग्णांवर रीतसर तुलना केली: काहींना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, काहींना नुसतं पेय. पेय स्टिरॉइडला हार गेलं नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबली असती. गोळी गिळणं सोपं; बेचव पाण्यावर महिनाभर कोण राहणार? पण मुलांचं गणित वेगळं असतं. क्रोन्समध्ये मूल खुंटतं. पोट दुखतं म्हणून जेवत नाही, खाल्लेलं नीट अंगी लागत नाही आणि दाहाची रसायनं वाढीच्या संप्रेरकांच्याच आड येतात. त्यात स्टिरॉइड दिलं की जुलाब थांबतात, गाल गुबगुबीत होतात, आई-वडिलांना बरं वाटतं. उंची मात्र आणखी अडते. पौगंडावस्थेतली ती दोन-तीन वर्षं हुकली तर पुढे भरून काढता येत नाहीत. १९८७मध्ये सँडरसन आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १७ मुलांवर पेय आणि स्टिरॉइड यांची तुलना केली. आजार दोन्ही उपायांनी आटोक्यात आला, पण पुढच्या सहा महिन्यांत उंची जास्त वाढली ती पेयावरच्या मुलांची. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला निर्णायक पुरावा हाच. मुलांच्या डॉक्टरला उंचीची पट्टी रक्ताच्या अहवालाइतकंच सांगते, हे त्यातून ठसलं.

मग कथेला मजेदार वळण लागलं. ज्या विरघळवलेल्या अमिनो आम्लांसाठी एवढा खटाटोप झाला, ती आवश्यकच नव्हती. अख्ख्या दूधप्रथिनांचं, चवीला बरंच सुसह्य पेयही तितकंच लागू पडलं. २००६मध्ये इटलीत बोरेली आणि सहकाऱ्यांनी अशाच साध्या पेयाची स्टिरॉइडशी तुलना केली. दुर्बिणीतून पाहिलं तर पेयावरच्या १९पैकी १४ मुलांचं आतडं भरून आलं होतं, स्टिरॉइडवरच्या १८पैकी अवघ्या सहांचं. नीट गुण येतो तो बाकीचं ताट बंद असेल तेव्हा. अर्धं पेय आणि अर्धं मनाला येईल ते जेवण, असं केलं की गुण घटतो. (बृहदांत्रदाहाला, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसला, हा उपाय चालत नाही. आणि आपल्याकडे आतड्याचा क्षय तर नाही ना, याची आधी खात्री करावी लागते. तो हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो.)

गुण आला हे पाहायला दर वेळी दुर्बीण घालायची तर मूल आणि घरचे दोघेही जेरीस येतील. ऑस्लोच्या संशोधकांनी १९९२मध्ये शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन मोजायची पद्धत दिली, त्यामुळे डबीभर नमुन्यावर बरंचसं भागू लागलं.

बाकीचं ताट वगळण्यातच गुण असेल तर नेमकं काय वगळायचं? इस्रायलच्या आरी लेव्हिन यांच्या गटाने २०१९मध्ये अर्धं पेय आणि अर्धं ठरावीक जेवण असा प्रयोग मुलांवर केला. जेवणात कोंबडी, अंडी, बटाटा, भात, केळं, सफरचंद. गहू, दूध आणि पाकीटबंद पदार्थ बाद. मुलांना हे नुसत्या पेयापेक्षा सहज निभलं आणि बारा आठवड्यांनी आजार शमलेला राहण्यातही ते सरस ठरलं. पोळी आणि दह्यावर वाढलेल्या शाकाहारी घरात ही यादी जशीच्या तशी चालणार नाही. कोंबडी-अंड्यांच्या जागी काय बसवायचं, हे आहारतज्ज्ञाला त्या घराच्या स्वयंपाकघराकडे बघूनच ठरवावं लागतं.