इम्प्लांटवरचा दात : मापासाठी पुन्हा पुन्हा का बोलावतात?

इम्प्लांट बसवण्याचे काम दंतवैद्यांचे. पण मानवतमध्ये साखर किंवा बीपी तपासायला आलेले रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, स्क्रू तर बसला, आता दातासाठी इतक्या चकरा कशाला?" परभणीची एक चकर म्हणजे दिवसाचा खाडा, हे खरे. तरीही मापाची आणि ट्रायलची भेट टाळू नका.

माप इतके अचूक का लागते?

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. त्यामुळे चावताना दात किंचित दबतो. टायटॅनियमचा इम्प्लांट मात्र थेट हाडाशी जुळतो आणि जवळजवळ हलत नाही. नवी चप्पल चार दिवस चावते, मग पायाला बसते; इम्प्लांटवरचा दात तसा वापरून बसत नाही. माप चुकले तर कायमचा ताण राहतो. स्क्रू सैल होतो किंवा तुटतो, दाताचा टवका उडतो, फटीत जंतू साचून हिरडी सुजते.

इम्प्लांटभोवती ते तंतू नसल्याने हा ताण पटकन जाणवत नाही. म्हणून दुखत नाही याचा अर्थ दात बरोबर बसला, असा नाही.

माप कसे घेतात?

- बंद ट्रे : इम्प्लांटवर मापाची खुंटी लावून सिलिकॉन किंवा पॉलिइथरने माप घेतात. ट्रे निघतो, खुंटी तोंडातच राहते. ती नंतर काढून मापात बसवतात. एक-दोन इम्प्लांट असतील तर हे सहसा पुरते.
- उघडा ट्रे : ट्रेला छिद्र असते. त्यातून स्क्रू सोडवून खुंट्या मापासोबतच बाहेर काढतात. चार किंवा अधिक इम्प्लांट असतील तर खुंट्या एकमेकींना जोडून घेतलेले असे माप जास्त भरवशाचे असते.
- स्कॅनर : तोंडात मसाला भरावा लागत नाही. उलटी येणाऱ्यांना सोयीचे. पूर्ण जबड्याच्या स्कॅनला मात्र अधिक काळजी लागते.

तुम्ही काय कराल?

- स्क्रू आवळताना ओढ किंवा दाब जाणवला, तर लगेच सांगा.
- चावताना तोच दात आधी लागत असेल, तर "होईल सवय" म्हणू नका.
- दात नीट बसला का, हे पाहण्यासाठी एक्स-रे काढणार का, ते विचारा.
- मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आटोक्यात ठेवा.
- रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

नंतर दात हलू लागला तर?

बहुतेक वेळा इम्प्लांट नव्हे, वरचा स्क्रू सैल झालेला असतो. वेळीच आवळला तर काम भागते. तसाच वापरला तर तो तुटू शकतो. घरी गोंदाने चिकटवू नका. हिरडीतून रक्त, पू किंवा दुर्गंधी येत असेल तर त्याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवा. दुसरे मत हवे असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही घेता येते.