भारांशाचे कोडे : महाविद्यालयांची क्रमवारी कशी उलगडावी?

प्रवेशपरीक्षांच्या तर्कक्षमता विभागात महाविद्यालयांच्या क्रमवारीवर बेतलेली कोडी आढळतात. त्यांत निकषनिहाय गुण आणि एकूण गुण दिलेले असतात. दडवलेला असतो तो प्रत्येक निकषाचा भारांश, म्हणजेच परीक्षार्थींच्या बोलीतील ‘वेटेज’. प्रत्येक निकषाचे गुण त्याच्या भारांशाने गुणून बेरीज केली, की एकूण गुण मिळतात.

अ, ब आणि क या तीन काल्पनिक महाविद्यालयांचे उदाहरण घेऊ. अध्यापन, संशोधन, रोजगारसंधी आणि सुविधा हे चार निकष आहेत. त्यांचे भारांश ४०, ३०, २० आणि १० टक्के आहेत. मात्र कोणत्या निकषाला कोणता, हे ठाऊक नाही. निकषांच्या याच क्रमाने ‘अ’ला ७०, ५०, ६०, ४०, ‘ब’ला ७०, ५०, ७०, ६०, तर ‘क’ला ९०, ६०, ६०, ४० गुण आहेत. एकूण गुण अनुक्रमे ५८, ६६ आणि ६५.

भारांशांची वाटणी २४ प्रकारे होऊ शकते. ते सारे तपासण्यापेक्षा वजाबाकी सोपी. ‘अ’ आणि ‘ब’ यांचे अध्यापन व संशोधनाचे गुण समान असल्याने ते वजाबाकीत गळून पडतात. उरतो रोजगारसंधीतील १० आणि सुविधांतील २० गुणांचा फरक; त्यातून एकूण ८ गुणांचे अंतर पडले आहे. म्हणजेच रोजगारसंधीचा भारांश आणि सुविधांच्या भारांशाची दुप्पट यांची बेरीज ८० टक्के होते. ही अट दोनच जोड्या पाळतात : ४० व २०, किंवा २० व ३०.

‘अ’ आणि ‘क’ यांच्या तुलनेतून अध्यापनाच्या भारांशाची दुप्पट आणि संशोधनाचा भारांश मिळून ७० टक्के होतात. पहिली जोडी घेतल्यास ३० व १० उरतात आणि अट पूर्ण होते. दुसरी घेतल्यास ४० व १० उरतात. त्यांतून ९० किंवा ६० मिळतात, ७० नव्हे. म्हणून अध्यापन ३०, संशोधन १०, रोजगारसंधी ४० आणि सुविधा २० टक्के.

आणखी एक खूण उपयोगी पडते. ‘अ’ कोणत्याही निकषात ‘ब’ किंवा ‘क’ यांच्या पुढे नाही. त्यामुळे भारांश काहीही असले तरी तो तिसराच. पहिल्या क्रमांकाचे मात्र तसे नाही. अध्यापन आणि रोजगारसंधी यांच्या भारांशांची अदलाबदल केली, तर ‘ब’चे ६६ गुण कायम राहतात, पण ‘क’ ६८ गुणांसह पहिला येतो. महाविद्यालये तीच, गुणही तेच, क्रम उलटा.

हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजे ‘एनआयआरएफ’, सुरू केला आणि २०१६ मध्ये पहिली क्रमवारी जाहीर झाली. त्यात विद्यापीठांसाठी अध्यापन व संसाधनांना ३०, संशोधनाला ३०, पदवी-निष्पत्तीला २०, तर समावेशकता आणि जनमानसातील प्रतिमा यांना प्रत्येकी १० टक्के भारांश ठरला. महाविद्यालयांच्या गटात अध्यापनाचा भारांश ४० टक्के आहे.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच क्रमांकाआधी भारांश पाहावेत. अध्यापनाला सर्वाधिक महत्त्व देणाऱ्याने निकषनिहाय गुण घेऊन स्वतःचे भारांश लावले, तर त्याची यादी छापील यादीहून वेगळी निघू शकते.