स्वमग्नता : एका नावाचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया आणि राजवटी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु शब्दालाही इतिहास असतो, आणि कित्येकदा एका शब्दावर हजारो घरांचे सुखदुःख अवलंबून असते. ‘स्वमग्नता’ हा असाच शब्द होय.

ही जन्मजात घडण आहे, रोग नव्हे. अशा कित्येकांना गोंगाट, प्रखर उजेड, अचानक झालेला बदल असह्य होतो. कुणाला बोलणे उशिरा येते, कुणाला येतच नाही. कुणी एखाद्या विषयात तासन् तास गढून जातो. अशी माणसे आपल्या खामगाव-मेहकरकडे पूर्वी नव्हती असे नाही. त्यांना ‘वेडा’ म्हणत, ‘बाहेरचे लागले’ म्हणत, एवढेच.

१९२५ साली मॉस्कोत सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशा सहा मुलांचे वर्णन केले. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांविषयी लिहिले आणि या अवस्थेचे नाव रूढ झाले. पुढे विद्वानांनी दोष आईच्या माथी मारला. तिच्या मायेत ओलावा नाही, म्हणून मूल असे झाले, असे ते म्हणत. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे मत खोडून काढले. आमच्याकडच्या सुनांना मात्र तो बोल अजून ऐकावा लागतो.

कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. काही काळ त्याला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. त्याला मोजमापाचा नाद; म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली. मक्याच्या ओळी मोजण्याचा छंद त्यांनी मोडला नाही; नांगर धरून ओळी मोज, म्हणाले. १९४५ साली कॅनर यांनी हे स्वतः पाहिले. पुढे डोनाल्डने बँकेत नोकरी केली, गावाने त्याला आपला मानले, आणि २०२३ साली ८९व्या वर्षी तो वारला.

पण ती बँक त्याच्या घराण्यातली होती, हे विसरून चालणार नाही. रोजमजुराच्या मुलाला अशी जागा कायद्यानेच मिळवून द्यावी लागते. आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. दिल्लीत १९९१ पासून पालक संघटित झाले होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात हे नाव आले, आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले. सरकारी नोकरीतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्न, बौद्धिक अपंग, मनोरुग्ण इत्यादींना मिळून आहे. कामावर वाजवी सोय करून देणे हे सरकारी आस्थापनांचे कर्तव्य ठरले.

मुंबईत २००१ पासून ‘उम्मीद’सारखी संस्था काम करते. शेगाव-मलकापूरहून मुंबईची गाडी मिळते खरी; परंतु तपासणीच्या प्रत्येक खेपेला चार दिवसांची मजुरी बुडते, त्याचे काय? ही तपासणी जिल्ह्यातच झाली पाहिजे.

आम्ही कामगार चळवळीतले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरविले, हवा-उजेडाची सक्ती केली. तेव्हा कुणी त्याला भीक म्हटले नाही. कामाने माणसाला जुळवून घ्यावे, हेच तत्त्व तिथे होते. स्वमग्न माणूस त्याहून वेगळे काय मागतो? जिनाच्या खडखडाटापासून दूरचे काम, हुकूम एका वेळी एकच आणि स्पष्ट, वेळापत्रक बदलणार असल्यास आदल्या दिवशी सूचना. यात मालकाचा किंवा मास्तरचा पैसा फारसा खर्च होत नाही.

शेवटी एक सुचवितो. पुढल्या एखाद्या वसंतात या विषयावर आमच्याऐवजी स्वमग्न माणसानेच बोलावे. तो लिहून आणील, कदाचित आपल्याकडे पाहणारही नाही. आपण ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवू, टाळ्या आवरू, आणि ऐकू.