महासाथीतला हिवाळा : थंडीचे भय आणि बंद खोलीतली हवा

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या अहवालाने दिल्लीला एक इशारा दिला होता. नीती आयोगाचे सदस्य डॉ. विनोद पॉल यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शनाने हा अहवाल तयार झाला होता. हिवाळ्यात राजधानीत दररोज १५ हजार नवे कोरोनाबाधित आढळतील असे गृहीत धरून तयारी करावी, असे त्यात म्हटले होते. त्याची कारणेही दिली होती : थंडीत बळावणारे श्वसनविकार, उपचारांसाठी बाहेरगावांहून येणारे रुग्ण आणि सणासुदीची गर्दी. त्याच सुमारास देशाचा एकूण आलेख मात्र उतरणीला लागला होता. सप्टेंबरच्या मध्यास ९७ हजारांच्या पुढे गेलेली रोजची रुग्णसंख्या फेब्रुवारी २०२१ मध्ये काही दिवस दहा हजारांच्याही खाली आली. एकीकडे हा इशारा आणि दुसरीकडे हा उतार, अशा स्थितीत देशाने महासाथीतला तो हिवाळा काढला. लोकांचा दिनक्रम, सण, लग्ने, शोकभेटी आणि शाळा या साऱ्यांची त्या चार महिन्यांत नव्याने मांडणी झाली.

थंडी स्वतः कोणाला कोरोना देत नाही. विषाणू पसरतो तो माणसाच्या श्वासावाटे. बोलताना, गाताना, खोकताना बाहेर पडणारे मोठे तुषार थोड्या अंतरावर खाली बसतात, पण सूक्ष्म कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. हवा कोरडी असली की तुषारांतील पाणी लवकर उडून जाते आणि ते अधिक हलके होतात. कोरड्या हवेने नाका-घशातील ओलसर आवरणाची रोगजंतू अडवण्याची शक्तीही कमी होते. या दोन्हींहून मोठे कारण मात्र माणसांच्या वागण्यात असते. गारठा वाढला की माणसे घरात शिरतात, दारे-खिडक्या लावून घेतात आणि एकमेकांना खेटून बसतात.

चीनमधील ग्वांगझू शहरात २४ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, एका खिडक्या नसलेल्या उपाहारगृहात तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. त्यांपैकी एक कुटुंब वुहानहून आलेले होते. पुढे या तीन कुटुंबांतील दहा जणांना लागण झाल्याचे आढळले. वातानुकूलन यंत्राचा झोत तीच हवा त्या टेबलांवर पुन्हापुन्हा फिरवत होता, असा निष्कर्ष तपासातून निघाला. आजार फैलावण्यास कडाक्याची थंडी नव्हे, तर कोंडलेली हवा पुरेशी ठरते, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा होता.

उत्तर भारतात या कोंडलेल्या हवेत धुराची भर पडली. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये शेतातील पराटी जाळल्याचा धूर, वाहनांचा धूर आणि स्थिरावलेली थंड हवा यांचे दाट आवरण शहरावर पसरते. अशा दिवसांत खिडक्या उघड्या ठेवा, असा सल्ला देणेही अवघड होऊन बसते. ११ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत एका दिवसात ८,५९३ नवे रुग्ण नोंदवले गेले, तर १८ नोव्हेंबरला १३१ मृत्यूंची नोंद झाली. राष्ट्रीय हरित लवादाने ९ ते ३० नोव्हेंबर या काळात राजधानी परिसरात फटाक्यांची विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. त्यामुळे १४ नोव्हेंबरची दिवाळी निदान नियमाने तरी शांततेची ठरली. मुखपट्टी न लावल्याचा दंड ५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर गेला, लग्नातील पाहुण्यांची मर्यादा २०० वरून ५० वर आली आणि सार्वजनिक घाटांवरील छठपूजेला मनाई झाली. अहवालात गृहीत धरलेला १५ हजारांचा आकडा दिल्लीने त्या हिवाळ्यात गाठला नाही. डिसेंबरअखेर लाट ओसरली.

इतरत्र प्रशासनाने मुख्यतः घड्याळाचा आधार घेतला. अहमदाबादेत २० नोव्हेंबरच्या रात्री ९ पासून २३ नोव्हेंबरच्या सकाळी ६ पर्यंत सलग ५७ तास संचारबंदी होती. त्यानंतर अहमदाबादसह सुरत, वडोदरा आणि राजकोट येथे रात्रीची संचारबंदी सुरू झाली. मध्य प्रदेशात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, विदिशा व रतलाम येथे तसाच निर्णय झाला. यांतील वडोदरा, इंदूर आणि ग्वाल्हेर ही गायकवाड, होळकर व शिंदे यांच्या संस्थानांची जुनी राजधानीची नगरे असल्याने तेथील मराठी कुटुंबांच्या तुळशीच्या लग्नालाही त्या वर्षी रात्रीच्या वेळेचे बंधन पडले. महाराष्ट्रात ही वेळ थोडी उशिरा आली. ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्यानंतर २२ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात राज्यातील महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदी लागू झाली आणि ब्रिटनहून येणारी विमाने थांबवण्यात आली.

रात्रीच्या संचारबंदीचा खरा उपयोग मर्यादितच होता. नाताळ आणि नववर्षाच्या आधी मद्यालये व रात्रीच्या क्लबांत होणारी दाटी तिने रोखली, हे खरे. पण सायंकाळी सात ते अकरा या वेळेत खिडक्या बंद असलेल्या दिवाणखान्यात वीस पाहुणे जमले, तर त्याला हा नियम लागू होत नव्हता. विषाणूच्या दृष्टीने रात्रीचे अकरा आणि सायंकाळचे सात यांत काही फरक नाही.

महाराष्ट्रात हिवाळ्यातील सामाजिक जीवन सणांच्या क्रमाने चालते आणि त्या वर्षी हा क्रम एकेका टप्प्यावर बदलत गेला. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम सभागृहांऐवजी समाजमाध्यमे व केबल वाहिन्यांवरून करावेत, असे आवाहन राज्य शासनाने केले होते. मार्चपासून बंद असलेली प्रार्थनास्थळे पाडव्याच्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, उघडली. मात्र दहाच दिवसांनी, २६ नोव्हेंबरच्या कार्तिकी एकादशीला, पंढरपुरात संचारबंदी होती. शासकीय महापूजा उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या हस्ते झाली, पण वारी झाली नाही. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी दादरच्या चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन करण्यात आले आणि तेथील कार्यक्रमाचे दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपण झाले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत आणि केवळ दोन दिवसांचे झाले, तर संसदेचे हिवाळी अधिवेशन झालेच नाही. गोव्यात नोव्हेंबरात भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारीत गेला आणि तो निम्मा प्रत्यक्ष, निम्मा ऑनलाइन असा पार पडला.

संक्रांतीपर्यंत भीती बरीच ओसरली होती. तरीही हळदीकुंकवाला एकाच वेळी सर्वांना न बोलावता तासातासाने बोलावणे, दारातूनच वाण देणे, तिळगूळ उघडा न देता पुडीत बांधून देणे अशा तडजोडी घरोघर झाल्या. त्यांचा नियमावलीत कोठेही उल्लेख नव्हता, तरी गृहिणींनी आपापल्या समजुतीने काढलेल्या या वाटा अनेक शासकीय आदेशांपेक्षा अधिक शहाणपणाच्या होत्या, कारण त्यांत माणसांची संख्या, भेटीचा वेळ आणि जागा या तिन्हींचा विचार होता. गुजरातेत उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर फक्त त्याच इमारतीतील रहिवाशांना परवानगी होती. वास्तविक मोकळी गच्ची ही घरातील सर्वांत सुरक्षित जागा, पण पतंगाच्या दिवशी तेथे उसळणारी गर्दी ध्यानात घेता हा नियम निराधार म्हणता येत नाही.

मुंबईच्या दिनक्रमाची नाडी म्हणजे उपनगरी रेल्वे. ती त्या हिवाळ्यात बहुतांश काळ सर्वसामान्यांसाठी बंदच होती. २१ ऑक्टोबरपासून महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली. सर्व प्रवाशांना ती १ फेब्रुवारीपासून मिळाली, तीही सकाळी ७ पूर्वी, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. नऊ ते सहाची नोकरी करणाऱ्याला या वेळा जुळणाऱ्या नव्हत्या. कल्याण, विरार किंवा पनवेलकडून निघणाऱ्यांना एक तर पहाटे घर सोडावे लागे, नाहीतर बसने दोन-तीन तासांचा प्रवास करावा लागे. घरून काम करण्याची सोय ज्यांना नव्हती, त्यांच्यासाठी महासाथीतला हिवाळा म्हणजे मुख्यतः प्रवासाचा हिवाळा होता. बसची खिडकी उघडी ठेवायची की थंड वाऱ्यासाठी लावून घ्यायची, यावरून सहप्रवाशांत होणारे वाद हा त्या प्रवासाचाच भाग होता. शास्त्राचा कौल अर्थातच उघड्या खिडकीच्या बाजूने होता.

राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून सुरू करण्यास परवानगी मिळाली, मात्र अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवण्यात आला. मुंबईतील शाळा बंदच राहिल्या. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारीपासून भरू लागले. एका बाकावर एक विद्यार्थी, डबा वाटून खायचा नाही, खेळाचा तास नाही, अशी तेव्हाची शाळा होती.

मोठा ताण पडला तो लग्न आणि मृत्यू या दोन प्रसंगांवर. केंद्राच्या सप्टेंबरअखेरच्या मार्गदर्शक सूचनांत बंदिस्त सभागृहासाठी क्षमतेच्या निम्मी आणि जास्तीत जास्त २०० माणसे, तर मोकळ्या जागेत मैदानाच्या आकारानुसार संख्या, असा भेद केलेला होता. हा भेद मूलतः योग्य होता. मात्र राज्यांनी आणि शहरांनी आपले आकडे ठरवताना तो बहुधा गाळला आणि उरली केवळ डोकी मोजण्याची पद्धत. परिणामी पन्नास पाहुणे वातानुकूलित सभागृहात दोन तास बसले तरी ते नियमात बसे आणि शेतातल्या मांडवात साठ जण जेवले तर नियमभंग होई. मृत्यूच्या बाबतीत निर्बंधांहून संकोच मोठा होता. शोक करणाऱ्या घरी भेटायला जाणे, चार दिवस त्या घरात जेवणाचे डबे पोहोचवणे, दहाव्याला व तेराव्याला हजर राहणे हा मराठी समाजात केवळ उपचार नसतो. दुःखात असलेल्या माणसाला एकटे पडू न देण्याची ती जुनी व्यवस्था आहे. त्या हिवाळ्यात तिची जागा दूरध्वनीने घेतली आणि ती भरून निघाली नाही.

ज्येष्ठांची स्थिती याच्याशी जुळणारी होती. ६५ वर्षांवरील व्यक्ती, सहव्याधी असलेले, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी शक्यतो घरीच राहावे, असा केंद्राचा सल्ला हिवाळ्यातही कायम होता. सकाळच्या कोवळ्या उन्हात बागेच्या बाकांवर भरणारे ज्येष्ठांचे कट्टे त्यामुळे विस्कळीत झाले. उघड्यावर, अंतर राखून, अर्धा तास उन्हात बसणे यात धोका अत्यल्प होता आणि लाभ पुष्कळ होता. घरी राहण्याच्या सरसकट सल्ल्याने या वयोगटाचे संरक्षण झाले, तसे नुकसानही झाले.

घरगुती उपायांचा तर सुकाळ होता. काढे, हळदीचे दूध, वाफ यांनी घशाला आराम पडतो, पण वाफेने विषाणू मरत नाही आणि गरम पाण्याचे भांडे कलंडून भाजण्याचा धोका असतो. मफलर किंवा साडीचा पदर नाकावर घेणे म्हणजे मुखपट्टी नव्हे, हेही पुनःपुन्हा सांगावे लागले. थंडीत श्वासाने मुखपट्टी लवकर ओलसर होते आणि तिची उपयुक्तता घटते, म्हणून सोबत एक कोरडी मुखपट्टी बाळगणे हा साधा उपाय अधिक कामाचा होता.

या साऱ्यात खोलीतील हवेकडे सर्वांत कमी लक्ष गेले. हात धुणे, पृष्ठभाग पुसणे, शरीराचे तापमान मोजणे यांवर दुकाने व कार्यालये खर्च करत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने कार्यालये-शाळांसारख्या जागांत दर माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा हवी, असा आराखडा प्रसिद्ध केला तो मार्च २०२१ मध्ये. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघडा व हवा बाहेर फेकणारे पंखे लावा, असे सचित्र मार्गदर्शन दिले ते मे महिन्यात. तोवर हिवाळा तर सरलाच होता, दुसऱ्या लाटेने देशभर हाहाकारही माजवला होता.

मराठी मुलखाला साथीतला हिवाळा नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेग आढळला आणि त्या हिवाळ्यात तो वाढत गेला. पुढील वर्षांत महाराष्ट्रातील कित्येक गावे साथ आली की घरे सोडून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहत. प्लेग पसरण्याची रीत वेगळी, कारण तो उंदीर-पिसवांमार्फत येतो. मात्र मोकळ्यावर राहण्याचा तो उपाय अंधाऱ्या, दाटीच्या घरांपासून लांब नेणारा होता. फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. त्या काळची मोकळ्या जागेची समज मात्र त्याच्या जोडीने आली नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले आणि संकट टळल्याची भावना बळावली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या राष्ट्रीय रक्तनमुना सर्वेक्षणाचे निष्कर्ष ४ फेब्रुवारीला जाहीर झाले. दहा वर्षांवरील सुमारे २१ टक्के लोकांना तोवर लागण होऊन गेल्याचे त्यात दिसले. याचा दुसरा अर्थ असा, की बहुतेक लोकसंख्येला अद्याप विषाणूची गाठ पडायची होती. त्याच महिन्यात, थंडी ओसरत असताना, अमरावती, अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत रुग्ण वाढू लागले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागू झाली. नाशिकला २६ ते २८ मार्चला योजलेले ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुढे ढकलावे लागले.

ते संमेलन पुढच्या हिवाळ्यात, ३ ते ५ डिसेंबर २०२१ या दिवसांत भरले. त्याच्या आदल्याच दिवशी देशातील पहिले ओमायक्रॉनबाधित कर्नाटकात आढळल्याचे जाहीर झाले होते. २४ डिसेंबरला महाराष्ट्र शासनाने लग्नांसाठी नवा आदेश काढला. बंदिस्त जागेत जास्तीत जास्त १०० आणि मोकळ्या जागेत जास्तीत जास्त २५० माणसे, असा भेद त्यात केला होता. तो सहा दिवस टिकला. ३० डिसेंबरच्या आदेशाने जागा बंदिस्त असो वा उघड्या आकाशाखालची, मर्यादा सरसकट ५० वर आणली.