तीव्र स्वादुपिंडदाह : उंदरांवरील प्रायोगिक प्रारूपे

जठराच्या पाठीमागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडातील पाचक रस आतड्यात उतरण्यापूर्वीच जागृत होऊन ज्या ग्रंथीने त्यांना जन्म दिला तिलाच पचवू लागतात, तेव्हा उद्भवणाऱ्या दाहास तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात. आत्मपचनाचा हा सिद्धान्त प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी याने १८९६ मध्ये मांडला. पित्ताशयातील खडे व मद्य ही मनुष्यातील दोन प्रमुख कारणे होत. रोगी रुग्णालयात येतो तो पोटात कळ उठून कित्येक तास लोटल्यावर, आणि त्याच्या ग्रंथीचा तुकडा काढून पाहणे धोक्याचे असते. म्हणून त्या आरंभीच्या तासांत पेशीत काय घडते हे जाणण्यासाठी संशोधक प्राण्यांकडे वळले. फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार याने १८५६ मध्ये कुत्र्याच्या स्वादुपिंडनलिकेत पित्त व ऑलिव्ह तेल सोडून हा दाह उत्पन्न केला होता. उंदराची पाळी पुष्कळ उशिरा आली.

सर्वांत रूढ प्रारूप सेरुलीनचे. ऑस्ट्रेलियातील एका हिरव्या वृक्षबेडकाच्या त्वचेतून एर्स्पामेर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ च्या सुमारास वेगळे काढलेले हे द्रव्य, ग्रंथीस रस स्रवण्याचा हुकूम देणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकासारखे वागते. ते गरजेहून पुष्कळ अधिक दिले, की पेशी रस बाहेर टाकण्याऐवजी आतच कोंडते. १९७७ मध्ये रॅटवर आणि १९८५ मध्ये उंदरावर या पद्धतीची मांडणी झाली. प्रत्यक्ष काम कंटाळवाणे असते : रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदरास वजन करून, दर किलोग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम या हिशेबाने, म्हणजे २५ ग्रॅमच्या जनावरास सव्वा मायक्रोग्रॅम, दर तासाला पोटात टोचतात, अशी बहुधा सहा ते बारा इंजेक्शने होतात. दुपारपर्यंत अंगावरचे केस उभे राहून प्राणी पाठीला पोक काढून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसतो. रक्तातील अमायलेज व लायपेज ही पाचक विकरे चढतात, ग्रंथी पाण्याने फुगते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत पोकळ्या व पेशींभोवती श्वेतपेशींची गर्दी दिसते. दाह सौम्य असल्याने बहुतेक उंदीर जगतात व ग्रंथी काही दिवसांत भरून येते.

तीव्रतर विकारासाठी कोलीन काढून एथिओनीन घातलेला आहार कोवळ्या माद्यांना देतात (१९७५). त्यात मृत्यूंचे प्रमाण फार मोठे असते. आर्जिनीनची दोन मोठी इंजेक्शने तासाभराच्या अंतराने दिली, की सुमारे तीन दिवसांत ग्रंथीचा नाश पराकोटीस पोहोचतो. खड्यांमुळे होणाऱ्या रोगाच्या सर्वांत जवळ जाते ते नलिकेत पित्तक्षार सोडण्याचे प्रारूप, परंतु उंदराच्या नलिकेचा व्यास लक्षात घेता ते शस्त्रवैद्याच्या हाताची परीक्षाच होय.

उंदराची खरी किंमत त्याच्या जनुकांत आहे. कॅथेप्सिन-बी हे विकर नसलेल्या उंदरांत ट्रिप्सिन हे पाचक विकर बरेच कमी जागृत होते व इजाही घटते, हे २००० मध्ये दिसले. मात्र २०११ मध्ये ट्रिप्सिनोजेन या ट्रिप्सिनच्या निष्क्रिय पूर्वरूपाचा एक मुख्य प्रकार काढून टाकलेल्या उंदरांत ग्रंथीची इजा कमी झाली, तरी दाह कायमच राहिला. कियारीचा सिद्धान्त अपुरा आहे, हे यावरून उघड झाले. मद्याबाबत उंदीर फारसा उपयोगी पडत नाही : नुसती दारू पाजून त्याला हा रोग होत नाही, ती फक्त ग्रंथीस इतर आघातांपुढे हळवी करते.

भारतातील संस्थांना उंदरावर असा प्रयोग करावयाचा असल्यास १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील १९९८ च्या नियमांन्वये प्राणिगृहाची नोंदणी, बाहेरचे सदस्य असलेल्या नीतिसमितीची मंजुरी व प्रत्येक जनावराचा दफ्तरी तपशील आवश्यक असतो. शस्त्रक्रियेची तजवीज नसलेल्या प्राणिगृहास सेरुलीन व आर्जिनीन ही दोन प्रारूपे सोयीची पडतात. त्यांतही पहिले महाग, दुसरे स्वस्त परंतु अनिश्चित.

प्राण्यांत आशादायक ठरलेले लेक्सिपाफँट हे औषध २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मानवी चाचणीत निरुपयोगी ठरले. याचे एक कारण सरळ आहे : प्रयोगशाळेत औषध पुष्कळदा दाहाच्या आधी वा त्याच्याबरोबरच देतात, माणसाला ते उशिरानेच मिळते. या विषयावरील कोणताही प्रबंध हाती घेणाऱ्याने म्हणून पहिल्याने औषध कोणत्या तासाला टोचले ते पाहावे, आणि निष्कर्ष मागाहून वाचावा.