कुदळ पडण्यापूर्वी माळा पाहा

पांझरेच्या पुलावरून देवपुरात शिरलं, की एखाद्या गल्लीत वाळूचा ढीग, सळयांचा भारा आणि शेजारी जुन्या सागवानी खांबांची चळत दिसते. एक जुनं घर नवं होत असतं. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. गळकं धाबं आणि वाळवीनं पोखरलेल्या तुळया यांत राहणाऱ्यालाच त्याचा त्रास ठाऊक. मला बोलायचं आहे ते पहिली कुदळ पडण्यापूर्वीच्या आठ दिवसांविषयी.

धुळ्याला नव्यानं उभं राहण्याची सवयच आहे. १८०३ च्या दुष्काळात गाव ओस पडलं. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी इथं खानदेशाचं मुख्य ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांच्या पेठा आखल्या. १८७२ च्या पुरात पुन्हा घरांची मोठी हानी झाली. त्या वेळच्या भिंती आज फारशा उरल्या नाहीत. तरी हे सारं आपल्याला कळतं, कारण कुणीतरी लिहून ठेवलं आणि कुणीतरी ते जपलं.

ही जपणूक धुळ्याला कुणी शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं मिळवली आणि त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड उभे राहिले. पानिपताच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच शहरात आहे. त्यांना जे मिळालं ते राजवाड्यांतलं कमी, साध्या घरांतलंच अधिक होतं.

म्हणून आधी माळा, कोनाडे, देवघर आणि जुन्या पेट्या पाहा. रुमालात बांधलेलं दप्तर सापडलं, तर ते उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. वाचता येत नाही म्हणून कागद रद्दी होत नाही. घराचे खण मोजा, ओसरी, खांब, कड्या, कोरीव चौकटी यांची छायाचित्रं घ्या. मिळकत पत्रिकेचा उतारा आणि महापालिकेची परवानगी यांच्या फायलीतच ती ठेवा.

पाडकामाचा ठेका देताना ‘निघेल ते सामान ठेकेदाराचं’ असं तोंडी ठरून जातं. चौकटी, कागद, भांडी कुणाची, हे आधी लिहून घ्या. पायात किंवा भिंतीत पुरलेलं धन निघालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मजुरांनाही हे आधीच सांगितलेलं बरं.

आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एकदा रिकाम्या घरातून फिरवून आणा. बाळंतिणीची खोली कोणती, धान्याची कोठी कुठं होती, पूर आला तेव्हा पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलं होतं, ते विचारा आणि लिहून घ्या. नवं घर वर्षभरात उभं राहील. ही माहिती मात्र त्या माणसाबरोबरच जाते.